चरबीला सूज येते म्हणजे नक्की काय होतं? (इन्सुलिन रेझिस्टन्सवाले, या इकडे)

मोरपंखी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल पोटात घाला (पोटाचाच विषय आहे).

तर झालं असं की रूटीन तपासण्या केल्या, उपाशीपोटी साखर १०८ आली, उपाशीपोटी इन्सुलिन १८ आणि एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४.२. डॉक्टर म्हणाले इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, चरबीला सूज आलीय त्यामुळे इन्सुलिन नीट चालत नाहीये, वजन कमी करा. पुढचा पेशंट आत. मी बाहेर येऊन विचार करतेय की चरबीला सूज म्हणजे काय? दुखत नाही, खुपत नाही, लाल नाही, गरम नाही. पाय मुरगळल्यावर येते ती सूज मला माहितीये. बरं सूज पोटाच्या चरबीत, आणि साखर वाढते रक्तात, याचा त्याचा संबंध कसा लागतो? आणि आधी काय होतं, सूज की रेझिस्टन्स?

हे विचारायचं कारण म्हणजे आमच्या फॅमिली ग्रूपवर लगेच एकाने "शरीरातली सूज मुळापासून उतरवणारी" पावडर पाठवली. नणंदबाई मागवून मोकळ्या झाल्या. मी थांबलेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रातकिडा
चरबी हीच सूज असते ओ. (हलके घ्या.)

सदाफुली
मलाही हाच प्रश्न होता, खुर्ची टाकून बसलेय.

पेशीवाला
मोरपंखीताई, प्रश्न फार चांगला विचारलात, आणि घोळ निम्मा शब्दाचा आहे. इंग्रजीतल्या एकाच शब्दासाठी आपण सूजही म्हणतो आणि दाहही. इथे दाह म्हणायला हवं. पाय मुरगळल्यावर पाणी साठून फुगतो ते डोळ्यांना दिसतं, इथे मात्र फुगणं वगैरे काही नाही, रोगप्रतिकारक पेशी चरबीत जमा होतात आणि एकमेकींना रासायनिक निरोप पाठवत राहतात, अगदी हळू आवाजात पण महिनोन् महिने. म्हणून दुखत नाही.

आता सुरुवातीपासून सांगतो, लांबेल. (प्रयोगशाळेत चरबीच्या पेशी वाढवायचं काम काही वर्षं केलंय, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका.)

चरबीची पेशी म्हणजे घरातला माळा समजा. जास्तीचं सामान तिथे टाकायचं आणि अडीअडचणीला काढायचं. इन्सुलिनचं या पेशीपाशी मुख्य काम काय, तर माळ्याचं दार लावून घेणं: जेवण झालंय, साखर भरपूर आहे, आता साठवलेली चरबी बाहेर सोडू नकोस. लोकांना वाटतं इन्सुलिन म्हणजे फक्त साखर आत ढकलणारं, पण चरबी बाहेर पडू न देणं हे त्याचं तितकंच मोठं काम आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

मोठेपणी आपल्या चरबीच्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही. हे कसं शोधलं ते ऐका, मला स्वतःला हा प्रकार भलताच आवडतो. शीतयुद्धात जमिनीवर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेत कार्बन-१४ वाढला, तो त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसला, आणि त्यावरून २००८ साली स्वीडनमधल्या गटाने पेशींची वयं काढली. वर्षाला साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. म्हणजे मोठेपणी वजन वाढतं तेव्हा नवे माळे फारसे बांधले जात नाहीत, आहेत तेच ठासून भरले जातात. पेशी फुगते, फुगलेल्या पेशीच्या पोटापर्यंत ऑक्सिजन नीट पोचत नाही, तिच्यावर ताण येतो, ती मदतीचे निरोप सोडते, काही पेशी मरतातच. मेलेल्या पेशीतलं तेल साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. २००५ साली सिंती आणि मंडळींनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतल्या मॅक्रोफेजपैकी ९० टक्क्यांहून जास्त या मेलेल्या पेशींभोवतीच घोळका करून असतात, मायक्रोस्कोपखाली ते कडं डोक्यावरच्या मुकुटासारखं दिसतं, नावही तसंच पडलंय. आणि २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की चरबीत मॅक्रोफेज किती प्रचंड वाढतात. सडपातळ उंदरात चरबीतल्या एकूण पेशींपैकी १० टक्क्यांच्या आत, अति लठ्ठ उंदरात निम्म्याच्याही वर. निम्म्या! म्हणजे आपण ज्याला चरबी म्हणतो त्यात मोजायला गेलं तर चरबीच्या पेशी अल्पमतात.

या मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा वगैरे रसायनं सोडतात. ती शेजारच्या चरबीच्या पेशीत शिरून, खरं म्हणजे तिच्या दारावरची बेल वाजवून, आत जेएनके आणि आयकेके असे दोन एन्झाइम जागे करतात आणि ते इन्सुलिनचा निरोप मधल्या मधेच अडवतात. मग इन्सुलिन ओरडत राहतं दार लाव दार लाव, आणि दार काही पूर्ण लागत नाही. साठवलेली मेदाम्लं रक्तात झिरपत राहतात, लिव्हरमध्ये जातात, स्नायूंत जातात, जिथे त्यांची साठवणीची जागाच नाही तिथे जाऊन बसतात. माळा भरला की सामान जिन्यात आणि पलंगाखाली येतं तसं. लिव्हर मग इन्सुलिन असतानाही साखर बनवायची थांबत नाही, स्नायू साखर उचलायला टाळाटाळ करतात, आणि स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून कसंबसं भागवतं. तुमचं १८ हे त्या ओढाताणीचं लक्षण. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ असं एक सूत्र आहे, होमा म्हणतात, तुमचं ४.८ येतंय. कुठला आकडा जास्त म्हणायचा यावर एकमत नाही पण ४.८ ला कोणी कमी म्हणणार नाही.

टंकून दमलो. बाकी उद्या.

सदाफुली
वाचनखूण साठवली. माळ्याचं उदाहरण फार आवडलं, आमचा माळा पण असाच मॅक्रोफेजची वाट बघतोय.

कुशंका
पेशीवाला, छान लिहिलंय पण मला एक पटत नाही. जर टीएनएफ हा चोर असेल तर त्याला पकडणारी औषधं आहेत की, संधिवाताला देतात. ती देऊन डायबेटिस बरा व्हायला पाहिजे. तसं ऐकलं नाही कधी. आणि दुसरं, स्टेरॉइड म्हणजे दाह कमी करणारं सगळ्यात दणकट औषध. आमच्या वडिलांना गुडघ्यासाठी दोन आठवडे गोळ्या दिल्या आणि साखर १४० वरून ३०० च्या वर गेली! दाह कमी झाला तर साखर कमी व्हायला हवी ना? मग कसला दाह नि कसलं काय.

रातकिडा
+१. आता बोला.

पेशीवाला
कुशंका, नाव सार्थ केलंत. दोन्ही प्रश्न अगदी जिथे दुखतं तिथेच आहेत.

टीएनएफची गोष्ट १९९३ सालची. होतामिस्लिगिल, शारगिल आणि स्पिगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ सापडल्याचं दाखवलं, आणि ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिन पुन्हा चांगलं चालायला लागलं. तोवर चरबी म्हणजे मुकाट पडलेला साठा असं सगळे धरून चालत होते. पुढच्याच वर्षी चरबीतून निघणारं, भूक आवरणारं लेप्टिन सापडलं आणि चरबी ही चक्क हॉर्मोन बनवणारी ग्रंथी आहे हे मान्य करावं लागलं. साहजिकच उत्साह दांडगा. १९९६ मध्ये माणसांवर करून बघितलं, लठ्ठ मधुमेहींना टीएनएफविरोधी अँटिबॉडीचा एक डोस दिला. काहीही फरक नाही. एकाच डोसवरून निकाल लावू नये हे खरं, संधिवाताच्या रुग्णांत ही औषधं बराच काळ घेतल्यावर इन्सुलिन थोडं बरं चालतं असंही दिसलंय, पण उंदरात झालेली जादू माणसात झाली नाही ती नाहीच.

पण गंमत म्हणजे दाह आणि साखरेचा धागा त्याहून कितीतरी जुना आहे. १८७६ साली एबश्टाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी सोडियम सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं थोरलं भावंड, मोठ्या डोसमध्ये देऊन मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचं लिहून ठेवलंय. १९०१ मध्ये विल्यमसन यांनी तेच पुन्हा पाहिलं. इन्सुलिन सापडलं १९२१ ला! का कमी होते ते कोणालाच माहीत नव्हतं, गोष्ट विसरली गेली. मग शंभर वर्षांनी, २००१ साली, मी वर म्हटलं त्या आयकेके एन्झाइमवर सॅलिसिलेट काम करतं हे उंदरांत दिसलं आणि सगळे परत तिकडे धावले. त्याच कुळातलं सॅल्सॅलेट वर्षभराच्या आसपास देऊन बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला: एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा टक्केवारीतला आकडा) ०.३७ ने कमी. म्हणजे फरक पडला, नाही असं नाही, पण आधीच्या औषधांच्या रांगेत उभं करावं इतका नाही.

स्टेरॉइडचं उत्तर तुलनेनं सोपं आहे. स्टेरॉइड दाह विझवतं हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. ते लिव्हरला थेट साखर बनवायला लावतं आणि स्नायूंना साखर घेण्यापासून रोखतं. एका हाताने आग विझवायची आणि दुसऱ्या हाताने गॅस सोडायचा. म्हणून त्यावरून दाहाचा संबंधच नाही असं म्हणता येत नाही. वडिलांची साखर आता कशी आहे?

कुशंका
गोळ्या बंद झाल्यावर आली खाली. धन्यवाद. पण अजून पूर्ण पटलेलं नाहीये हां.

टेकडीवरचा
मग रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्यायला काय हरकत आहे? तसंही हृदयासाठी चांगली म्हणतात.

पेशीवाला
अहो नको!! हृदयासाठी देतात ती ७५-१०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तिने साखरेला काही होत नाही. साखरेवर परिणाम दिसलेल्या अभ्यासात दिवसाला ७ ग्रॅमच्या घरात दिली होती, तीही दोनच आठवडे आणि देखरेखीखाली. एवढ्याने कानात घंटा वाजतात आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि लहान डोससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. धाग्यावर कोणाचा जीव जायला नको.

सदाफुली
माझा बाळबोध प्रश्न. चरबीच बिघडलीय तर ती ओढून काढून टाकली तर? लायपोसक्शन?

उलटतपासणी
सदाफुली, केलंय. २००४ साली क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ बायकांवर. पोटाच्या कातडीखालची चरबी किलोच्या हिशोबात, दहाच्या आसपास, ओढून काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिन होतं तसंच, सीआरपी तशीच, टीएनएफ तसंच. कपड्यांचा साइझ तेवढा बदलला.

आणि आता धाग्याच्या मूळ गृहीतकावरच बोलतो, पेशीवालांनी राग मानू नये. हा चोर-पोलीस नमुना, म्हणजे चरबी वाढली, मग दाह आला, मग दाहाने इन्सुलिन बंद पाडलं, हा क्रमच मला संशयास्पद वाटतो. २०११ चा एक प्रयोग आहे, उंदरांना तीनच दिवस भरपूर चरबीयुक्त खाद्य दिलं. तीन दिवसांत इन्सुलिन रेझिस्टन्स हजर. मॅक्रोफेज नसलेले, दाहाची यंत्रणा मोडलेले उंदीर घेतले तरी रेझिस्टन्स तसाच. म्हणजे सुरुवात दाहाशिवाय होते. दाहाचा हात दिसतो तो पुढे काही आठवड्यांनी. मग २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या गटाने उलटंच करून दाखवलं, उंदराच्या फक्त चरबीच्या पेशींत इन्सुलिनचा निरोप तोडला, तर मॅक्रोफेज आपोआप गोळा झाल्या. म्हणजे आधी रेझिस्टन्स, मग दाह. क्रम बरोब्बर उलटा!

आणि सगळ्यात कहर २०१४ चा. ज्या उंदरांच्या चरबीत दाह होऊच शकत नाही असे उंदीर बनवले. तुमच्या हिशोबाने ते सुखी व्हायला हवेत. झालं काय, तर त्यांच्या चरबीला नीट वाढताच येईना, फॅट लिव्हरमध्ये जाऊन बसलं आणि साखरेचं काम आणखीच बिघडलं. थोडा दाह हवाच असतो, जुन्या पेशी साफ करून नव्यांना जागा करायला. मग "सूज मुळापासून उतरवणारी" पावडर नक्की काय उतरवणार आहे?

रातकिडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पेशीवाला कुठायत?

पेशीवाला
इथेच आहे, कामात होतो. राग कसला, उलटतपासणी यांचं बरंचसं मान्य. मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं ते जरा जास्तच सरळ रेषेत लिहिलं. अजून एक भर मीच घालतो माझ्याविरुद्ध. इन्सुलिनचा निरोप अडतो कसा याचं पाठ्यपुस्तकी उत्तर म्हणजे आयआरएस-१ नावाच्या प्रथिनावर ३०७ क्रमांकाच्या सेरीनला (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) फॉस्फेट चिकटतं. आम्ही हे घोकलेलं. मग २०१० मध्ये कोणीतरी जिवंत उंदरात ते सेरीनच बदलून टाकलं, म्हणजे फॉस्फेट चिकटणारच नाही, तर तो उंदीर जास्त संवेदनशील व्हायच्या ऐवजी जास्त रेझिस्टंट झाला. एवढी वर्षं घोकलेलं वाक्य त्या दिवशी पुसायला लागलं.

तरीपण दाहाला साफ निर्दोष सोडायला मी तयार नाही. माझं आताचं मत असं: पहिली ठिणगी दाहाची नाही, जागेची आहे. चरबी साठवायची सुरक्षित जागा संपली की बिघाड सुरू होतो. दाह येतो तो साफसफाईला, पण साफ करण्याचं काम कधी संपतच नाही म्हटल्यावर तो तिथेच मुक्काम ठोकतो आणि मग बिघाड पक्का करतो. पाहुणा म्हणून आलेला भाडेकरू.

जागेचाच मुद्दा असल्याचा पुरावा बघा. लिपोडिस्ट्रॉफी नावाचा दुर्मिळ आजार आहे, त्यात अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. मग ही माणसं एकदम फिट असायला हवीत ना? उलट त्यांना भयंकर इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, लिव्हर चरबीने भरलेलं. माळाच नाही तर सामान ठेवणार कुठे. चरबी नसलेल्या उंदरात दुसऱ्या उंदराची चरबी बसवली तर तो सुधारतो. आणि दुसऱ्या टोकाला २००७ चे ते प्रसिद्ध उंदीर, अ‍ॅडिपोनेक्टिन (चरबीच्या पेशींचंच एक हॉर्मोन) जास्त बनवणारे, इतके लठ्ठ की बघवत नाहीत, पण साखर उत्तम, कारण चरबी कातडीखाली नव्या छोट्या छोट्या पेशींत जात होती. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषधही साधारण तेच करतं, वजन थोडं वाढतं आणि इन्सुलिन मात्र सुधारतं. लायपोसक्शन का फसलं तेही यात बसतं, त्यात कातडीखालचा चांगला माळा पाडला आणि लिव्हरमधलं सामान तिथेच ठेवलं.

ओंजळ
पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी बारीक आहे, बीएमआय २२, तरी प्रीडायबेटिस आलंय. सगळे म्हणतात तुला कसं झालं. हे वाचून पहिल्यांदा काहीतरी उलगडलं.

उलटतपासणी
ओंजळ, तुमच्यासाठी एक फोटो आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचाच छापलाय. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. ज्याचा माळा मुळातच लहान त्याचं सामान लवकर जिन्यात येतं. (बघा, मी पण माळा म्हणायला लागलो.)

टेकडीवरचा
मग उपाय काय ते सांगा की एकदाचा. मी रोज टेकडी चढतो. परवा ट्रेनर म्हणाला व्यायामाने इंटरल्युकिन-६ वाढतं, म्हणजे दाह वाढतो, म्हणून अति करू नका. मी घाबरून दोन दिवस सुट्टी घेतली.

पेशीवाला
ही पण मजाच आहे. इंटरल्युकिन-६ चरबीतून संथपणे येत राहिलं तर ते दाहाच्या गोतावळ्यातलं, पण काम करणाऱ्या स्नायूतून ते तेवढ्यापुरतं झर्रकन वाढतं आणि उतरतं, आणि तेव्हा ते उलट दाह आवरणारे निरोप पाठवतं. २०१९ चा एक अभ्यास आहे, पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकलिंग करायला लावलं, त्यातल्या काहींना इंटरल्युकिन-६ अडवणारं औषध दिलं. व्यायाम दोन्ही गटांनी सारखाच केला, पण औषधवाल्यांची आतल्या अवयवांभोवतीची चरबी कमीच झाली नाही! म्हणजे ते "दाहाचं" रसायनच चरबी उतरवत होतं. चढा टेकडी.

उपायाचं म्हणाल तर लिव्हरमधलं सामान उतरलं पाहिजे. २०१७ च्या डायरेक्ट नावाच्या ब्रिटिश चाचणीत वजन उतरवून वर्षभरात ४६ टक्के मधुमेही औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घालवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. तिथे दाह कमी करणारं काहीही दिलेलं नव्हतं.

कुशंका
आणि मोठ्या प्रमाणावर दाहविरोधी औषध देऊन बघितलंच नाही का कोणी? तेवढं एक सांगा मग माझी कुशंका मिटली.

उलटतपासणी
बघितलंय. कॅनाकिनुमॅब, इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेली असे १०,०६१ लोक, निकाल २०१७ चा. सीआरपी चांगली खाली आली, हृदयाचे झटकेही कमी झाले. पण नव्याने मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण? जैसे थे.

कुशंका
मिटली.

मोरपंखी
बापरे, मी चार दिवस आले नाही तर इथे केवढं झालंय. सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं.

एक कबुली द्यायचीय. पेशीवाला, तुमचं वाचताना लक्षात आलं की ती तपासणी केली तेव्हा मला सर्दी-खोकला होता, नुकताच ताप उतरलेला. डॉक्टरांना सांगायचं राहिलं. त्यांना फोन केला तर म्हणाले मग सीआरपीचा आकडा धरू नका, तीन आठवड्यांनी परत करा. सगळंच परत केलं, तेव्हा लिहिते.

मोरपंखी
(तीन आठवड्यांनी) आले रिपोर्ट. सीआरपी १.३. घरी पेढे वाटायच्या बेतात होते सगळे, नणंदबाई म्हणाल्या बघ मी म्हटलं नव्हतं पावडर घे म्हणून (मी घेतलेली नाहीये). खालची ओळ बघितली तर साखर १०६, इन्सुलिन १७. म्हणजे सूज गेली आणि रेझिस्टन्स तिथेच??

पेशीवाला
तुमची ४.२ बहुतेक सर्दीचीच होती. सीआरपी लिव्हर बनवतं, कुठेही काही झालं की वाढते, दात दुखला तरी. चरबीतला दाह मोजायचा तर चरबीचा तुकडाच काढून बघावा लागतो, रक्तात त्याची जेमतेम कुजबूज येते, कधी तीही नाही. होमा आता ४.४५, म्हणजे हललेलं नाही. लिव्हरची सोनोग्राफी कधी केलीये का? डॉक्टरांना विचारून बघा, आणि कंबर मोजून ठेवा आजची.

मोरपंखी
सोनोग्राफी गुरुवारी आहे. कंबर मोजली, आकडा इथे लिहिणार नाही.

रातकिडा
आम्ही विचारलाय का.